पहिले निरोप, राम राम मागून

तानुबाईने पहिल्या भेटीतच मला सुनावलं, की पोस्ट सरकारचं असेल, पण भिंत तिची आहे. खिळा ठोकायचा तर तिला विचारून. मी तोवर खिळा ठोकून मोकळा झालो होतो आणि त्यावर खात्याचं घड्याळही टांगलं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "मले बी टाइम दिसन. पन दुसरा खिळा नाई."

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी अमडापूरला पोस्टमास्तर म्हणून आलो. तसा मी दुसरबीडचा, म्हणजे याच जिल्ह्याचा, पण आमच्याकडची बोली जालन्याच्या बाजूला झुकलेली. मी 'मला' म्हणालो की तानुबाईला हसू फुटायचं. "मास्तर शहरातले हायेत," असं ती शेजारणींना सांगायची. दुसरबीडला शहर म्हणणारं माणूस मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

पोस्टासाठी तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. ओसरी आणि मागचं घर तिचंच होतं. माझ्या टेबलामागे एक खिडकी होती, ती थेट तिच्या ओसरीवर उघडायची. त्या खिडकीखाली ती सुपात तूर पाखडत बसायची. बाई ठेंगणी, पन्नाशीची, आणि आवाज एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचणारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा निवृत्ती, त्याचं नुकतंच लग्न झालेलं, आणि सून बेबी. पोस्टात काय चाललंय हे तिला माझ्याआधी कळायचं. 'बाहेरच्या व्यक्तींस कार्यालयात प्रवेश नाही' अशी पाटी मी लावली (दोऱ्याने बांधून, खिळा न ठोकता), तेव्हा ती म्हणाली, "मी बाहेरची कुठी? मी तं घरातलीच हाव."

पुढच्या वर्षी पोस्टात टेलिफोन आला. काळा, जड, बाजूला दांडी असलेला. दांडी फिरवली की चिखलीचं एक्सचेंज लागायचं. तिथला ऑपरेटर पुढे कुठे हवं तिथे जोडून द्यायचा. तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची, कारण सगळ्या टापूला एकच तार आणि मागे दहा जण खोळंबलेले. अख्खं गाव यंत्र बघायला आलं. तानुबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने हात पदराला पुसले, रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला.

"माही धाकटी बहीन होती," ती म्हणाली. "मनकर्णा. पहिल्याच बाळंतपनात अडली. बैलगाडीत टाकून चिखलीले नेत होतो. अर्ध्या वाटंवरच गेली. हे तवा असतं तं माही मनकर्णा असती."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "याले रोज पुसत जा, मास्तर. धूळ बसू देऊ नका."

आता भगवानरावांच्या आगीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू झालं. भगवानराव गावातले मोठे शेतकरी. लाल फेटा, पांढरंशुभ्र धोतर आणि चालणं असं संथ, की मागून बैल उधळला तरी पाऊल भरभर पडायचं नाही. हिवाळ्यात एका दुपारी त्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. गंजीला लागून गोठा. भगवानराव चालत, पुन्हा सांगतो, चालत पोस्टात आले आणि बंबासाठी फोन लावायला सांगितला. बंब होता शहरातल्या नगरपालिकेचा. मी लावून दिला.

"राम राम साहेब," भगवानराव म्हणाले. "मी भगवानराव बोलून राह्यलो. बरे हा ना?"

पलीकडचा माणूसही आमच्याकडचाच. तोही म्हणाला असणार, की बरा आहे, तुमचं कसं काय.

"आमचं काय, चाललं देवाच्या दयेनं. तुमच्या वडिलाईच्या गुडघ्याचं आयकलं होतं मांगं. कसे हायेत आता?"

गुडघ्याचं झालं. मग कपाशीचं झालं. मग पलीकडच्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं निघालं, त्याबद्दल भगवानरावांनी आनंद व्यक्त केला. खिडकीतून धूर दिसत होता. मी घड्याळाकडे बघत होतो, कारण नियमाप्रमाणे तेच माझं काम होतं. शेवटी भगवानराव घसा खाकरून म्हणाले, "तसं काही विशेष नाई. थोडंसं काम होतं. तुम्ही मोकळे असान तं..."

आणि लाइन तुटली. तीन मिनिटं झाली होती, आणि पुन्हा दांडी फिरवली तर तार दुसऱ्याला गेलेली.

गावकऱ्यांनी विहिरीपासून रांग लावली, बादल्या हातोहात दिल्या आणि गोठा वाचवला. बैल आधीच सोडले होते. गंजी मात्र गेली. चार दिवसांनी नगरपालिकेचं कार्ड आलं: 'आपला फोन आला होता. काम काय होते ते सवडीने कळवावे.' ते मीच भगवानरावांना नेऊन दिलं. वाचताना त्यांच्या मिशा हलत होत्या, हसण्याने की रागाने ते मी आजही सांगू शकत नाही.

तानुबाई मात्र त्या दिवशी हसत हसत भडकली होती. तिला एकाच वेळी दोन्ही करता यायचं. भगवानराव वयाने मोठे, तिला दिरासारखे, म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला आणि खिडकीतूनच विचारलं, "भाऊजी, आग लागली हे काऊन नाई सांगतलं?"

"असं कसं सांगाव?" भगवानराव म्हणाले. "बोलल्याबरोबर आग लागली म्हनू? त्या मानसाले काय वाटन?"

आणि यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, ही खरी अडचण. आमच्याकडे वाईट बातमी कोणी तोंडावर फेकत नाही. माणूस गेल्याचा निरोप घेऊन आलेला पाहुणाही आधी ओट्यावर बसतो, पाणी पितो, पिकाचं विचारतो आणि मग हळूच सांगतो. ऐकणाऱ्याला तेवढा श्वास मिळावा, असा त्यात भाव. मी स्वतः याच रीतीत वाढलो. म्हणूनच समोर धूर दिसत असताना मी भगवानरावांच्या हातून रिसीव्हर घेतला नाही. नियमाचं नुसतं निमित्त होतं.

"घरी आलेल्या पाव्हन्याची रीत घरी," तानुबाई म्हणाली. "त्या तारेले कायची रीत? तिले तीनच मिनटं हायेत. पहिले निरोप सांगाव. राम राम मागून."

दुसऱ्या दिवसापासून तिने ओसरीवर शाळाच काढली. फळा नाही, खडू नाही. पाणी प्यायचा एक पितळी गडवा होता. तो कानाला आडवा लावायचा आणि त्यात बोलायचं. येणारा-जाणारा कोणीही सापडला की तिने गडवा हातात दिलाच.

"घर जळून राह्यलं तुहं. बोल."

"राम राम..."

"राख झाली! पुन्हा बोल."

मी आत शिक्के मारता मारता ऐकायचो. तिचा धडा मला आजही पाठ आहे. "पहिले गाव सांगजा. मंग काय झालं थे. किती मानसं हायेत थे. गाडी कोन्या रस्त्यानं येईन, अन् फाट्यावर कोन उभं हाये. मंग गप राहून तिकडचा मानूस काय म्हनते थे आयकजा. तो 'ठेवा' म्हनेस्तोर ठेवू नका."

फाट्यावर माणूस हवाच, असा तिचा हट्ट होता. हमरस्त्यावरून गावात यायला वाट फुटते, तिथे कुठलीही खूण नव्हती. परका ड्रायव्हर सरळ खामगावच्या दिशेने निघून जाईल, हे तिनेच ओळखलं. मला तोवर सुचलं नव्हतं, आणि मी रोज त्या फाट्यावर टपालाची थैली घेत होतो.

फोन कधी करायचा आणि कधी नाही, याचाही निकाल तीच द्यायची. तिची एकच कसोटी: "बैलगाडीची वाट पाहीन का थे?" दुखणं बैलगाडीची वाट बघणार असेल तर बैलगाडीने जा. नसेल बघणार तर एक क्षणही घालवू नका. एकदा कारभारी नावाचा तरणाबांड गडी पोट धरून आला, मोठ्या दवाखान्याची गाडी बोलवा म्हणून. तानुबाईने त्याला खाली बसवलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लं?"

"रोडगे." (म्हणजे निखाऱ्यात भाजलेले, मुठीएवढे कणकेचे गोळे.)

"किती?"

कारभारी बोटं मोजू लागला. शेजारून कोणीतरी म्हणालं, अकरा.

"हे बैलगाडीची वाट पाह्यते," तानुबाईने निकाल दिला. "चार दिस बी पाहीन." आणि त्याला ओवा आणि गरम पाणी देऊन भिंतीला टेकवून बसवलं. संध्याकाळी गडी उठून चालता झाला.

पण विहीर खणताना एक मजूर दगडावर पडला आणि हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा मी खुर्चीतून उठायच्या आधी तिने आत येऊन दांडी फिरवली होती. माझी पाटी तिच्या खांद्याला लागून तुटली. नवीन लावायचं मी मनावर घेतलं नाही. तिने पाच वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून ऑपरेटरने बुलढाण्याचा दवाखाना जोडला, गाडी आली, मजूर वाचला. त्या दिवशी निरोप संपल्यावर ती ऑपरेटरला म्हणाली, "आता राम राम, भाऊ. तुमचं नाव काय?"

"वहाब," आवाज आला. "राम राम मागून, बाई. लाइनीवर बम लोकं हायेत."

ते तिला इतकं आवडलं, की ती दिवसभर हसत होती. तिचंच वाक्य तिला कोणीतरी नकळत परत दिलं होतं. तेव्हापासून दोघांचं ठरूनच गेलं. ती निरोप सांगायची, तो जोडून द्यायचा, आणि शेवटी दोघंही म्हणायचे, "राम राम मागून." हे 'मागून' दोन वर्षांत एकदाही आलं नाही. चिखली काही लांब नाही, पण ना ती कधी एक्सचेंजवर गेली, ना तो इकडे आला. तो दिसायला कसा असेल यावर मात्र ती अधूनमधून बोलायची. आवाजावरून गडी चांगला उंचापुरा असणार, असा तिचा अंदाज.

शाळेतले विद्यार्थी सगळेच काही हुशार नव्हते. मंजुळाबाईचा नवरा रामराव, त्याला शेतात साप चावला. मंजुळाबाई धावत आली, निरोप अगदी गडव्यात शिकवलेल्यासारखा घडाघडा सांगितला. पलीकडून दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, रोग्याचं नाव काय? मंजुळाबाई थांबली. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"मालक," ती म्हणाली.

नाव सांगा, बाई.

"घरधनी."

खिडकीबाहेरून तानुबाई ओरडली, "रामराव! रामराव लिहा म्हना! मी थोडीच त्याची बायको हाव, मी घेतो नाव!" पलीकडच्याने ते रिसीव्हरमधूनच ऐकलं आणि लिहून घेतलं. रामराव आठवड्याने चालत घरी आला. पुढच्या धड्यात तानुबाईने बायकांना आणखी एक गोष्ट शिकवली, की फोनवर नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, उलट वाढतं.

भगवानराव मात्र गडव्यात बोलायला तयार नव्हते. या वयात भांड्यात बोलू का, म्हणायचे. पण रोज टपाल टाकायला यायचे आणि शाळा ऐकत उभे राहायचे.

वर्ष-सव्वा वर्षाने बेबीला दिवस गेले. पोरगी हसरी, कामसू, सासूच्या चढ्या आवाजाला न घाबरणारी. तानुबाईचा आनंद गावभर झाला. आठव्या महिन्यात नर्सबाईंनी तपासलं आणि तानुबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की बाळ आडवं आहे. घरी बाळंतपण करायचं नाही. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी बुलढाण्याला नेऊन दवाखान्यात ठेवा.

त्या संध्याकाळी तानुबाई ओसरीवर बसून होती. सूप मांडीवर, पण हात चालत नव्हते. "मनकर्णाचं बी आडवंच होतं, मास्तर," ती म्हणाली. एवढंच. मग तिने तयारी सुरू केली. लुगडी, दुपटी, साबण, सगळं एका पिशवीत भरून पिशवी दाराजवळ टांगली. निवृत्तीला गडव्यात दहा वेळा बोलायला लावलं. बेबीलाही लावलं, ती हसून हसून बेजार. जायची तारीख ठरली. पुढच्या मंगळवारी, सकाळच्या एस.टी.ने.

कळा त्याच्या आधीच आल्या. बाजाराचा दिवस, भर दुपार. निवृत्ती आदल्या दिवशीच कापूस घेऊन गाडीबैलासह खामगावला गेलेला. मी तिकिटं मोजत होतो, मागच्या घरातून बेबीचं ओरडणं ऐकू आलं. मग सुईण कलाबाई लगबगीने आत गेली. पाचच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाली, "पानी गेलं. बाळ आडवंच हाये. मी हात लावत नाई, तानुबाई. मोठ्या दवाखान्यात न्या."

तानुबाई पोस्टात आली. मी दांडी फिरवली, वहाबचा आवाज आला आणि मी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"वहाबभाऊ," ती म्हणाली, "राम राम."

मी तिच्याकडे बघितलं.

"बरे हा ना? अब्बा कसे हायेत तुमचे? अन् माय? थंडी बम पडून राह्यली. तिकडे पिकं कशी हायेत?"

तिचा आवाज अगदी शांत होता. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तोंडातून एकेक चौकशी नीट, सावकाश, पाहुण्याला पाणी द्यावं तशी बाहेर पडत होती. आतून बेबीची किंकाळी आली. तानुबाई म्हणाली, "घरी सगळे मजेत हायेत ना?"

आणि मी काय केलं? मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. भगवानरावांच्या वेळी उभा होतो तसाच. दोन वर्षं शाळा ऐकून मी एक अक्षर शिकलो नव्हतो. त्याची लाज मला अजून वाटते.

पलीकडून वहाबचा आवाज एवढा मोठा आला, की रिसीव्हर तिच्या कानाला असताना मला टेबलापाशी ऐकू आला.

"तानुबाई! पहिले निरोप!"

ती दचकली. आणि मग तो रोजचा, एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचणारा आवाज परत आला.

"अमडापूर. पोस्टाचं घर. पहिलटकरीन, बाळ आडवं, पानी गेलं, कळा चालू हायेत. एक बाई. गाडी चिखलीकून येऊ द्या. फाट्यावर..."

इथे ती थांबली. निवृत्ती नव्हता. दारात भगवानराव टपाल घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पदर कधीच खांद्यावर घसरला होता.

"फाट्यावर भगवान उभा हाये!"

भगवानरावांना नुसतं 'भगवान' म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. पण ते ऐकायला भगवानराव तिथे होते कुठे? पाकिटं माझ्या टेबलावर पडली होती आणि बाहेर भर बाजारातून धोतराचा सोगा हातात धरून अमडापूरचे भगवानराव पळत होते. भाजी विकणाऱ्या बायांनी तराजू खाली ठेवले. कोणीतरी विचारलं, पुन्हा आग लागली का?

वहाबने बुलढाणा जोडून दिलं आणि लाइन धरून ठेवली. त्या दिवशी तीन मिनिटांची मोजणी कोणी केली नाही; मीही नाही. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, की पोरीला डाव्या कुशीवर निजवा, काही खाऊ घालू नका, कोणालाही ओढाताण करू देऊ नका, गाडी निघते आहे. तानुबाई प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणत होती आणि खिडकीबाहेरून कलाबाई आत निरोप पोचवत होती. "ठेवा आता," असं पलीकडून आल्यावरच तिने रिसीव्हर ठेवला.

गाडीला सव्वा तास लागला. तेवढ्यात भगवानरावांनी फाट्यावर उभं राहून फेटा सोडला होता आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारीला ते तो लाल कपडा हलवून दाखवत होते. त्यांनी एक एस.टी. आणि सरकी नेणारे दोन ट्रक उगाच थांबवले. गावात बाजार भरलेला, त्यातून गाडी जायची कशी? पण बातमी सगळ्यांना कळली होती. कांदेवाल्यांनी पोती मागे ओढली, कासाराने बांगड्यांचे तोडे उचलून डोक्यावर घेतले, आणि मधोमध असा मोकळा रस्ता झाला, की ड्रायव्हर नंतर म्हणाला, मंत्री आल्यासारखं वाटलं. बेबीला आत ठेवलं, तानुबाई आणि कलाबाई चढल्या. पिशवी दाराजवळ टांगलेलीच होती. ती मी धावत जाऊन दिली. तेवढंच माझ्याकडून झालं.

मग वाट बघणं. कोणी घरी जाईना. बाजार उठला तरी लोक ओसरीवर बसून होते. दिवेलागणीच्या आधी फोन वाजला. मी उचलला.

"मास्तर," वहाब म्हणाला, "पहिले निरोप. ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी बऱ्या हायेत. राम राम मागून." आणि त्याने लाइन तोडली.

मी खिडकीतून ओरडून सांगितलं. मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. लोकांनी असा गलका केला, की घड्याळ खिळ्यावर हललं. थोड्याच वेळाने निवृत्ती रिकामी गाडी घेऊन परतला आणि दारातली गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला. भगवानराव पुढे झाले. मला वाटलं, आता हे म्हणणार, ये बाबा, बस, पाणी पी. त्यांनी गाडीचं जू धरलं आणि तो खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "पोरगी झाली बे तुले! दोघी बऱ्या हायेत! राम राम मागून!"

तानुबाई बारा दिवसांनी सून-नात घेऊन आली. पहिल्याच दिवशी ती खिडकीशी येऊन बसली.

"मास्तर, त्या दिशी माह्या तोंडून थे निघतच नवतं," ती म्हणाली. "मले सगळं येत होतं. पन वाटे, बोललं की खरं होईन. चौकशी करत राह्यलं तं तेवढा वेळ काहीच झालेलं नसन." मग डोळे पुसून म्हणाली, "भगवानराव भाऊजीलेबी तसंच वाटलं असन. मी उगाच हासलो त्याईले."

बारशाला तिने चिखलीला फोन करून वहाबला बोलावलं. माझ्यासमोर केला, नऊ शब्दांत. तो पत्नी हुस्नबानोला घेऊन दुपारच्या एस.टी.ने आला. आम्ही सगळे थांब्यावर गेलो होतो. एस.टी.तून एक किरकोळ, ठेंगणा, चष्मा लावलेला माणूस उतरला. तानुबाई त्याच्या पाठीमागे उंचापुरा गडी शोधत होती.

"तानुबाई," तो माणूस म्हणाला, आणि तो आवाज ऐकून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

घरी पाळणा बांधला होता. बायकांनी पोरीचं नाव मनकर्णा ठेवलं. हुस्नबानोने पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या मुठीत चांदीचं वाळं दिलं. ते सगळं आटोपल्यावर तानुबाईने घोंगडी अंथरली, वहाबला तिच्यावर बसवलं, पाण्याचा गडवा पुढे ठेवला (हो, तोच गडवा) आणि स्वतः समोर बसली. ओसरी गच्च भरली होती.

"राम राम, वहाबभाऊ," ती म्हणाली. "हे मागूनचं."

"राम राम, तानुबाई."

"बरे हा ना?"

"बरा हाव. तुमचं कसं?"

"अब्बा कसे हायेत?"

वहाबने अब्बांचं सांगितलं. खोकला, चष्मा, सकाळी किती चालतात, सगळं. मग आईचं झालं. मग दोन्ही मुलांचं. मग त्याने निवृत्तीच्या कपाशीचं विचारलं, बेबीच्या टाक्यांचं विचारलं, म्हैस व्याली का विचारलं, आणि तानुबाई एकेकाचं उत्तर हातवारे करून देत होती. दोघांनीही काही गाळलं नाही. सवयीने माझी नजर खिडकीतून आत घड्याळाकडे गेली. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

शेजारून भगवानराव माझ्या कानाशी वाकले. "मास्तर," ते म्हणाले, "तोडू नका बरं."

मी घड्याळाकडे पाठ करून बसलो.